स्टार खेळाडूला रोखताना: अमेरिकी कॉलेज महिला बास्केटबॉलमधल्या 'फिजिकल' डिफेन्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'फिजिकल डिफेन्स' हे धसमुसळ्या खेळाचंच गोंडस नाव आहे ना?

नाही, आणि या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या की चांगल्या बचावपटूंवर अन्याय होतो. स्टार खेळाडू कट मारून (झटकन दिशा बदलून) निघाली की तिच्या वाटेत एक पाऊल आधी पोचायचं, तिने छातीवर येऊन आदळायचं आणि आपण जागचं हलायचं नाही. स्क्रीनला (वाट अडवायला उभ्या राहिलेल्या तिच्या सहकारीला) अंग घासून तिच्या मागे सुटायचं. शॉट उडाला की पाठ लावून तिला रिबाउंडपासून (हुकून परत आलेल्या चेंडूपासून) लांब ठेवायचं. या सगळ्यात अंगाला अंग लागतंच आणि नियमांनाही ते मान्य आहे. धसमुसळेपणा सुरू होतो तो पाय थकल्यावर. पाय वेळेवर पोचत नाहीत, मग हात पुढे येतात: जर्सी धरणं, कमरेला हात लावून ठेवणं, हवेत गेलेल्या खेळाडूला ढकलणं.

सामना बघताना बचावपटूचे पाय आधी बघा, हात नंतर. पाय पोचलेले असतील तर टक्कर कितीही जोरात दिसली तरी बहुतेक वेळा ती चोख असते.

नियमात काय बसतं आणि काय नाही?

बचावपटूने दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, समोरच्या खेळाडूकडे तोंड करून जागा घेतली की ती जागा तिची. त्यानंतर ती बाजूला किंवा मागे सरकू शकते. चेंडूवालीने तिच्या छातीत घुसून धडक दिली तर फाऊल चेंडूवालीचा. मात्र चेंडूवाली हवेत गेल्यावर तिच्याखाली सरकता येत नाही. आधीपासून तिथे असाल तरच जागा तुमची. हात सरळ वर करून उभ्या उभ्या उडी मारणं चालतं. तेच हात पुढे झुकले की फाऊल.

हातांचे नियम २०१३-१४ च्या मोसमात बरेच कडक झाले. ड्रिबल करणाऱ्या (चेंडूला टप्पे देत नेणाऱ्या) खेळाडूवर हात ठेवून देणं, दोन्ही हात लावणं, पुन्हा पुन्हा टोचत राहणं आणि कोपरापुढचा हात आडवा घालून तिला अडवणं, हे चारही फाऊल. बास्केटकडे पाठ करून उभ्या असलेल्या पोस्ट (बास्केटजवळ खेळणाऱ्या) खेळाडूच्या बाबतीत थोडी सूट असते. कोपरात वाकवलेला एक हात टेकवून तिथे जागा राखता येते. ढकलता येत नाही.

मुद्दाम किंवा गरजेपेक्षा जोरात केलेल्या फाऊलला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) आणि वर चेंडूही समोरच्या संघालाच. प्रकार गंभीर असेल तर खेळाडू थेट बाहेर.

मग कोच मुद्दाम फाऊल 'खर्च' करतात, हे खरं?

खरं आहे, आणि त्यामागचा हिशोब समजला की सामना वेगळाच दिसतो. २०१५-१६ पासून महिलांचे कॉलेज सामने दहा-दहा मिनिटांच्या चार क्वार्टरमध्ये होतात. संघाचे फाऊल दर क्वार्टरला नव्याने मोजले जातात आणि पाचव्या फाऊलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणजे शॉट मारताना केलेले फाऊल वगळले, तर प्रत्येक क्वार्टरमध्ये चार फाऊल फारसं नुकसान न होता करता येतात. दुसरीकडे एका खेळाडूला पाच फाऊल झाले की ती सामन्याबाहेर. मग ज्या कोचच्या बेंचवर (राखीव खेळाडूंत) तीन तगड्या गार्ड (बास्केटपासून लांब, बाहेरून खेळणाऱ्या) आहेत, तो त्या तिघींना आळीपाळीने स्टारवर सोडतो. प्रत्येकीच्या खात्यात पाच, म्हणजे एकूण पंधरा फाऊल, आणि दर वेळी समोर ताजे पाय. स्टार मात्र एकटीच, जवळपास पूर्ण चाळीस मिनिटं मैदानात.

लहान बेंच असलेल्या संघाला हा खेळ परवडत नाही. त्यांची एकमेव चांगली बचावपटू दुसऱ्या क्वार्टरमध्येच तीन फाऊल घेऊन बाकावर बसते आणि सगळा बेत कोसळतो.

केटलिन क्लार्कला सगळ्यात चांगलं कोणी रोखलं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर एका नावात देता येत नाही. आयोवा विद्यापीठाकडून २०२० ते २०२४ अशा चार मोसमांत क्लार्कने ३,९५१ गुण केले. एनसीएए (अमेरिकी कॉलेज क्रीडा संघटना) डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे वरच्या गटात, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, हा विक्रम आहे. तिला 'थांबवलं' असं कुणीच म्हणू नये. तिला महागात पाडलं, एवढंच म्हणता येईल. ते कुणी कसं केलं, ते बघण्यासारखं आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅन्सस स्टेटने आयोवाला त्यांच्याच मैदानावर ६५-५८ असं हरवलं. क्लार्कचे २४ गुण झाले, पण त्यासाठी तिला ३२ शॉट मारावे लागले आणि त्यातले फक्त ९ आत गेले. थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) तर १६ पैकी २. त्या दिवशी तिचा नेमही लागत नव्हता, हे मान्य करायला हवं. पण प्रत्येक शॉटच्या वेळी तोंडासमोर हात असेल तर नेम असाच बिघडतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नेब्रास्काने ८२-७९ असा विजय खेचून आणला. क्लार्कचे ३१ गुण होते, पण शेवटच्या क्वार्टरमध्ये एकही नाही. फिजिकल डिफेन्सचं फळ पहिल्या क्वार्टरमध्ये शोधणाऱ्यांनी हा सामना जरूर बघावा. पहिल्या तीस मिनिटांत खाल्लेले धक्के शेवटच्या दहा मिनिटांत पायात उतरतात. थ्री-पॉइंटर आखूड पडायला लागतो, कारण त्याची ताकद पायांतून येते.

त्यानंतर एनसीएए स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत वेस्ट व्हर्जिनियाने सगळ्या कोर्टभर प्रेस लावून (चेंडू पुढे आणतानाच चिकटून दबाव टाकून) आयोवाला फक्त ६४ गुणांवर ठेवलं. आयोवा जिंकली ६४-५४ अशी, क्लार्कचे ३२. पण त्या संध्याकाळी आयोवाच्या खेळाला लय म्हणून सापडली नाही. आयोवाला मिळालेल्या भरपूर फ्री थ्रोंवरून नंतर बरीच ओरडही झाली.

माझ्या मते एका खेळाडूने एकटीने केलेला सर्वोत्तम बचाव यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) निका म्यूलचा. ५ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड, उपांत्य सामना. या क्रोएशियन गार्डने क्लार्कला चेंडू मिळण्याआधीच गाठायला सुरुवात केली. क्लार्क चेंडूकडे वळली की म्यूलचा खांदा तिच्या खांद्याला टेकलेला, नजर तिच्या कमरेवर. डोकं आणि हात फसवतात, कंबर फसवत नाही. पूर्वार्धात क्लार्कचे जेमतेम ६ गुण झाले आणि यूकॉन ३२-२६ ने पुढे होती. सामना संपला तेव्हा क्लार्क २१ वर होती आणि आयोवा ७१-६९ ने जिंकली होती. म्हणजे म्यूल हरली, पण तिने तिचं काम केलं होतं. आयोवाला तारलं ते हॅना स्टल्कीच्या २३ गुणांनी. ते का, ते पुढे येईलच.

दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात साउथ कॅरोलिनाने संघ म्हणून काय करता येतं ते दाखवलं. क्लार्कने पहिल्याच क्वार्टरमध्ये १८ गुण ठोकले. साउथ कॅरोलिनाच्या कोच डॉन स्टेली यांनी घाबरून बेत बदलला नाही. रेवन जॉन्सन आणि ब्री हॉल आलटून पालटून तिच्या मागे लागल्या. पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून क्लार्कचे १२ गुण झाले. पूर्वार्ध संपता संपता मध्यरेषेजवळ जॉन्सनने क्लार्कच्या हातून चेंडू काढून घेतला आणि पळत जाऊन लेअप (बास्केटजवळून सोपा शॉट) टाकला: ४९-४६. ती चोरी पुन्हा बघा. जॉन्सन चेंडूवर झेपावत नाही. आधी ती क्लार्कला वळायला भाग पाडते आणि चेंडू हात बदलतो त्या क्षणी खालून हात घालते. अंगाला धक्का नाही, पंचांना शिट्टी फुंकायला काही कारणच नाही. साउथ कॅरोलिना ८७-७५ ने जिंकली आणि ३८-० असा अपराजित मोसम पुरा झाला. त्यांच्या बेंचने ३७ गुण केले, आयोवाच्या बेंचने शून्य. वरचा फाऊल आणि ताज्या पायांचा हिशोब या एका आकड्यात दिसतो.

याच जॉन्सनला एक वर्ष आधीच्या उपांत्य सामन्यात क्लार्कने थ्री-पॉइंट रेषेबाहेर मोकळं सोडून हात झटकला होता, 'मार हवं तर शॉट' असा. त्या दृश्यावरून तिची खूप टर उडवली गेली. अशा खेळाडूने वर्षभरात स्वतःला असं घडवलं, याचं कौतुक व्हायला हवं तितकं झालं नाही असं मला मनापासून वाटतं.

बॉक्स-अँड-वन म्हणजे काय?

चौघी चौकोनात झोन खेळतात (खेळाडूऐवजी आपापली जागा राखतात), पाचवी फक्त स्टारला चिकटते. ट्रँगल-अँड-टूमध्ये तिघी झोनमध्ये आणि दोघी दोन स्टारवर. थोड्या वेळासाठी गोंधळ उडवायला उपयोगी. स्टारच्या संघात दोन-तीन चांगल्या शूटर असतील तर फार काळ टिकत नाही.

उंच सेंटरवरही हेच चालतं का?

तत्त्व तेच, फक्त मारामारी बास्केटखाली. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ३१ मार्च २०१३ चं, ओक्लाहोमा सिटीतलं. बेलर विद्यापीठाची ब्रिटनी ग्राइनर ६ फूट ८ इंच उंच. आधीच्या मोसमात बेलरने ४०-० असं विजेतेपद मिळवलेलं, या मोसमातही फक्त एक पराभव. समोर लुईव्हिल, ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं.

कोच जेफ वॉल्झ यांनी ग्राइनरभोवती सतत दोघी-तिघी ठेवल्या. एक मागून अंग टेकून, एक समोर उभी राहून पासच अडवायला, आणि चेंडू आत गेलाच तर तिसरी धावत यायची. ग्राइनर १४ गुणांवर थांबली. दुसऱ्या टोकाला लुईव्हिलने २५ पैकी १६ थ्री-पॉइंटर टाकले. ग्राइनर बास्केटजवळ पहारा देत होती, म्हणून त्यांनी लांबून मारा केला. निकाल ८२-८१, शेवटच्या तीन सेकंदांत मिळालेल्या दोन फ्री थ्रोंवर.

सामन्यानंतर बेलरच्या कोच किम मल्की पंचांवर भडकल्या. त्यांच्या रागात तथ्य होतं, असं माझं मत आहे. ग्राइनरला बांधून ठेवण्यात काही प्रसंगी हातांचा मुक्त वापर झाला होता. पण फक्त त्यामुळेच बेलर हरली असं म्हणणं म्हणजे त्या सोळा थ्री-पॉइंटरचं श्रेय हिरावून घेणं.

पंच स्टार खेळाडूंना झुकतं माप देतात की त्यांच्यावरचे फाऊल सोडून देतात?

दोन्ही तक्रारी एकाच सामन्यात, एकाच मिनिटाला ऐकू येतात. स्टारकडे चेंडू जास्त वेळ असतो, म्हणून तिला मिळणारे फाऊल मोजले तर जास्तच भरतात. पण ती चेंडूशिवाय धावत असताना जे होतं, ते तीन पंचांच्या नजरेतून बऱ्याचदा सुटतं, कारण लक्ष चेंडूकडे आणि बास्केटखाली असतं. कमरेला धरून ठेवणं, स्क्रीनवरून निघताना जर्सी ओढणं हे तिथे घडतं. दुसरी अडचण अशी की प्रत्येक वेळी धक्का बसत असेल तर पंच प्रत्येक वेळी शिट्टी फुंकत नाहीत. सामना पुढे सरकायला हवा हा दबाव असतो. कोचना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून सुरुवातीपासून सतत अंगावर जाणाऱ्या संघाला काही फाऊल फुकट पचतात.

फाऊल तो फाऊल, मग तो कुणावरही असो. ती ताकदवान आहे, धक्का खाऊनही शॉट टाकते, म्हणून शिट्टी गिळणं मला मुळीच पटत नाही.

२०२३ चा अंतिम सामना मात्र उलट्या बाजूने आठवावा लागतो. एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) आयोवाला १०२-८५ असं हरवलं. त्या सामन्यात शिट्ट्याच शिट्ट्या वाजल्या, एकूण ३७ फाऊल. आयोवाच्या दोघी पाच फाऊल होऊन बाहेर गेल्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये चेंडू मागे टाकल्याबद्दल मिळालेला टेक्निकल फाऊल (धक्क्याबद्दल नव्हे, वागणुकीबद्दलचा) हा क्लार्कचा चौथा ठरला. काटेकोर पंचगिरीने स्टारचं भलंच होतं, असं नाही.

यूकॉन-आयोवा सामन्यातला तो शेवटचा फाऊल बरोबर होता का?

३.९ सेकंद उरले असताना यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सने सहकारी पेज बेकर्ससाठी स्क्रीन लावली, आयोवाची गॅबी मार्शल तिच्यावर आदळली आणि फाऊल एडवर्ड्सवर गेला. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे हलती स्क्रीन हा फाऊलच, आणि एडवर्ड्सचं अंग हललं होतं. लोकांचा राग होता तो वेळेवर: सामनाभर असल्या स्क्रीन सोडून दिल्या, मग आत्ताच का? मला हा राग समजतो. पण मार्शल स्क्रीनमधून वाट काढायला जीव तोडून धावली नसती तर शिट्टी वाजलीच नसती. बचावाने मिळवलेला फाऊल होता तो.

स्टार खेळाडू याला उत्तर काय देते?

सर्वांत जुनं उत्तर म्हणजे चेंडू लवकर सोडणं. दोघी अंगावर आल्या म्हणजे तिची एक सहकारी मोकळी आहे, हे गणित साधं आहे. स्टल्कीचे यूकॉनविरुद्धचे २३ गुण याच गणितातून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेन स्टेटविरुद्ध तिने ४७ केले, त्यातही क्लार्कच्या पासचा मोठा वाटा होता. बचाव क्लार्ककडे धावायचा आणि स्टल्की रिकाम्या वाटेने बास्केटकडे.

याशिवाय कोच स्टारकडून थोडा वेळ चेंडू आणण्याचं काम काढून घेतात, तिला कोपऱ्यातून एकामागून एक स्क्रीनवर पळवतात. मग चिकटणारीलाच धक्के बसायला लागतात. आणि सरावात अनेक कॉलेजांचे महिला संघ विद्यापीठातल्या मुलांना प्रतिस्पर्धी म्हणून उभं करतात. जास्त उंच, जास्त वेगवान मुलांनी आठवडाभर अंगावर येऊन खेळल्यावर सामन्यातला धक्का तेवढा नवखा राहत नाही.

प्रेस लावणं आता सोपं झालंय का?

थोडं. २०१३-१४ पासून महिला कॉलेज सामन्यांत चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावाच लागतो. त्याआधी ही मर्यादाच नव्हती, त्यामुळे प्रेस खाणारा संघ निवांत वाट शोधू शकत होता.

अशा बचावामुळे दुखापती होतात का?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. २४ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मिसिसिपी स्टेटविरुद्ध यूएससीची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची) जूजू वॉटकिन्स बास्केटकडे धावत असताना कोसळली. उजव्या गुडघ्याचा एसीएल (सांधा घट्ट धरणारा आतला अस्थिबंध) फाटला. दोन बचावपटू तिच्या जवळ होत्या, म्हणून प्रेक्षकांनी उरलेला सामनाभर पाहुण्या संघाची हुर्यो उडवली. पहिल्याच मोसमात ९२० गुण करणारी ही मुलगी पुढचा सगळा मोसम खेळू शकली नाही. तो क्षण बघणं आजही जड जातं. तरीही त्या बचावपटूंना खलनायिका ठरवणं मला योग्य वाटत नाही. वेगात धावणाऱ्या खेळाडूला गाठायला त्या धावत होत्या, एवढंच.

एसीएलच्या बहुतेक दुखापती कुणाचा धक्का न लागता होतात: उडीनंतर पाय टेकताना, एकदम थांबताना, दिशा बदलताना. मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे. खरा धोका असलेली एक गोष्ट म्हणजे हवेत गेलेल्या शूटरच्या पायाखाली जाणं. घोटे आणि गुडघे तिथे जातात. तिथे पंचांनी जराही दया दाखवू नये.

सतत धक्के खाऊन स्टारचाच तोल गेला तर?

मार्च २०१० मध्ये ग्राइनर पहिल्या वर्षाला होती. टेक्सास टेकविरुद्ध बास्केटखाली ओढाताण झाली, समोरच्या खेळाडूने तिला बाजूला फेकल्यासारखं केलं आणि ग्राइनरने ठोसा मारला. त्या मुलीचं नाक मोडलं. नियमाप्रमाणे एका सामन्याची बंदी आली, त्यात मल्की यांनी स्वतःहून आणखी एका सामन्याची भर घातली. ठोशाला माफी नाहीच. पण अशी ठिणगी पडण्याआधी चार-पाच छोटे फाऊल पंचांनी सोडलेले असतात, हे अनेक सामन्यांत दिसतं. पहिल्या क्वार्टरमध्ये वाजलेली शिट्टी चौथ्या क्वार्टरमधलं भांडण टाळते.

बायकांचा खेळ मुळात सौम्य होता, आता बिघडला, असं म्हणतात ते खरं का?

तो सौम्य ठेवला गेला होता. १८९२ मध्ये स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींना बास्केटबॉल शिकवायला घेतला तेव्हा त्यांनी कोर्टाचे तीन भाग केले आणि हातातून चेंडू हिसकावायला बंदी घातली. मुलींना इतकी धावपळ झेपणार नाही, ही त्या काळची समजूत. क्लार्कच्या आयोवा राज्यात तर शाळेतल्या मुलींचा सहा-सहा जणींचा प्रकार १९९३ पर्यंत चालू होता. त्यात तिघी फक्त हल्ला करायच्या, तिघी फक्त बचाव, आणि मध्यरेषा कुणी ओलांडायची नाही. हजारो प्रेक्षक यायचे, तो खेळ लोकांचा लाडका होता, पण पूर्ण कोर्टभर एकमेकींना भिडण्याची संधी त्या मुलींना मिळाली नाही. २०२४ मध्ये म्यूल ९४ फूट, म्हणजे पूर्ण कोर्टभर, क्लार्कच्या मागे धावली, त्याला बिघडणं म्हणणं मला मान्य नाही.

हे सगळं मत्सरापोटी चालतं, असं समाजमाध्यमांवर वाचलं. खरं काय?

एखाद्या खेळाडूच्या मनात काय आहे ते बाहेरून सांगता येत नाही. पण समोरच्या संघातली सर्वांत धोकादायक खेळाडू जो संघ मोकळी सोडेल, त्याच्या कोचची नोकरी जाईल. एवढं कारण पुरेसं आहे.

महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजच्या संघांना यातलं काय घेता येईल?

आपल्याकडचे सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात, त्यामुळे काही आकडे बदलतात. शॉटसाठी तीसऐवजी चोवीस सेकंद, मध्यरेषेपलीकडे जायला दहाऐवजी आठ. पाच फाऊलला बाहेर आणि क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाऊलला दोन फ्री थ्रो, हे मात्र तसंच. आठ सेकंदांची मर्यादा असल्याने कोर्टभर चिकटून खेळण्याचा फायदा आपल्याकडे उलट जास्तच. स्टार गार्डला मध्यरेषेवर यायला सहा-सात सेकंद लागले, तर तिच्या संघाला हल्ला रचायला सतरा-अठराच उरतात.

सरावात हात पाठीमागे बांधून, म्हणजे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून, फक्त पायांनी बचाव करायला लावा. एक मुलगी ड्रिबल करत नागमोडी जाईल, दुसरीने छाती तिच्यासमोर ठेवत मागे सरकायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्या चुकतात. तरी हात लगेच सोडू देऊ नका. आणि हे संघातल्या सर्वांत चांगल्या स्कोअररकडूनही करून घ्या, कारण समोरचा कोच तिला दमवायला तिच्याकडेच चेंडू घेऊन येणार आहे.